नियम त्यांचे, बागा आमच्या: केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना निफाडहून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: मा. वाणिज्य मंत्री, मा. परराष्ट्र मंत्री आणि नाशिक जिल्ह्यातील सर्व खासदार

विषय: दक्षिण आशियाई देशांचा पर्यावरणविषयक गट कार्यरत करण्याबाबत, तसेच परदेशी पर्यावरण नियमांची माहिती शेतकऱ्यांना वेळेत मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी निफाड तालुक्यातली द्राक्ष उत्पादक. बाग सासऱ्यांनी लावली आणि आता ती मी आणि माझा मुलगा बघतो. आमचा बराचसा माल युरोपला जातो. म्हणजे आमच्या घराचा वर्षाचा हिशोब युरोपातल्या बंदरात आमच्या पेट्या उघडल्यावर तिथला अधिकारी काय म्हणतो त्यावर ठरतो. हे पत्र आपल्याला मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवते आहेच. पण ते इथे सगळ्यांसमोरही ठेवते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या बागेचा नाही.

युरोपीय आयोगाने 2 फेब्रुवारी 2023 रोजी 2023/334 क्रमांकाचा नियम केला. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडीन या दोन कीटकनाशकांचा अंश बाहेरून येणाऱ्या शेतमालात किती चालेल, याची मर्यादा त्याने प्रयोगशाळेत मोजता येईल इतक्या खालच्या पातळीवर आणली. मर्यादा याआधीही अनेकदा बदलल्या, पण त्या खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी. या वेळी कारण वेगळे आहे. ही औषधे मधमाश्यांना आणि परागीभवन करणाऱ्या इतर कीटकांना मारतात, तो ऱ्हास जगभर होतो आहे आणि म्हणून पीक जगात कुठेही घेतलेले असो, नियम तोच राहील, असे युरोपने ठरवले. नियम लागू होण्याची तारीख 7 मार्च 2026.

ही तारीख आमच्या हंगामात कुठे येते ते सांगते. आमची काढणी जानेवारी ते एप्रिल चालते आणि मार्च हा ऐन भराचा महिना. फेब्रुवारीत खुडलेला माल जहाजातून मार्चमध्ये तिकडे उतरतो. त्या मालावर कुठली फवारणी घ्यायची हे त्याआधी कित्येक महिने, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर लगेच, फुलकिडे आणि तुडतुडे दिसायला लागले की ठरते. नियम झाला 2023 साली आणि मसुदा आला होता त्याच्याही आधीच्या वर्षी. आमच्यापर्यंत तो पोहोचला निर्यातदाराने मोबाइलवर पाठवलेल्या एका संदेशातून, छाटण्या उरकल्यानंतर. ना कृषी सहायकाने सांगितले, ना आमच्या गावात त्यावर बैठक झाली.

हा नियम चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही, हे आधीच स्पष्ट करते. द्राक्षाला मधमाशी लागत नाही, पण आमच्याच शिवारात कांद्याचे बी घेणारे लोक आहेत. डोंगळ्याला फुले येतात आणि माशी फिरकत नाही, म्हणून बी भरत नाही, ही तक्रार ते कित्येक हंगाम करत आहेत. काही जण मधपेट्या भाड्याने आणून ठेवतात. डाळिंबवाल्यांचेही तेच. तेव्हा मधमाशी वाचवायचा नियम व्हायलाच हवा होता. माझा प्रश्न एवढाच आहे की नाशिकच्या मधमाशीसाठी तो ब्रुसेल्समध्ये का व्हावा लागला? दिल्ली, ढाका, काठमांडू, कोलंबो यांनी मिळून तो आधी का केला नाही?

उत्तर मला एकच दिसते. युरोपातले 27 देश एकत्र बसतात. आपण बसत नाही.

माल्टा नावाचा देश आहे. त्याची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराच्या निम्मीही नाही. पण युरोपीय संघाच्या टेबलावर त्याची खुर्ची आहे आणि संघाचा कायदा ज्या 24 भाषांत प्रसिद्ध होतो त्यात माल्टाची भाषा आहे. तिथल्या शेतकऱ्याला त्याच्यावर लागू होणारा नियम त्याच्या भाषेत वाचता येतो आणि तो ठरण्याआधी आपल्या मंत्र्याला धरता येते. 2011 च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांच्यातल्या द्राक्ष उत्पादकाला त्याच नियमाची बातमी फॉरवर्ड केलेल्या संदेशातून कळते. माल्टाला हे बळ त्याच्या आकाराने मिळालेले नाही, ते गटाने मिळाले आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली तक्रार माहितीची. जागतिक व्यापार संघटनेच्या पद्धतीनुसार असे नियम करण्याआधी मसुदा इतर देशांना कळवला जातो आणि म्हणणे मांडायला साधारण साठ दिवस दिले जातात. ही सूचना भारत सरकारकडे येते. तिथून ती जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला येण्याची कुठलीही ठरलेली वाट नाही. याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, त्या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून आमच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. वेलीची वाढ रोखायला ते सर्रास वापरले जात होते आणि निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत तोवर त्याचे नावच नव्हते. माल तपासून, दाखले घेऊन पाठवला होता आणि तरी तो नाकारला गेला. या जिल्ह्यातली किती घरे त्या वर्षी कर्जात गेली हे इथल्या बँकांना आणि सोसायट्यांना विचारा. त्यानंतर यादी वाढली, तपासण्या कडक झाल्या, हे मान्य. पण तिकडे नियम होतो आणि इकडे धावपळ होते, हा क्रम बदललेला नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. आपल्या भागाने पर्यावरणासाठी उभ्या केलेल्या संस्था आपणच वाऱ्यावर सोडल्या आहेत.

दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम 1982 साली कोलंबोत सुरू झाला. हवेच्या प्रदूषणाबद्दलचा माले जाहीरनामा 1998 चा. एप्रिल 2010 मध्ये थिंफूला सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेची, सोळावी शिखर परिषद झाली, तिचा विषयच हवामान बदल होता. पाच वर्षांत एक कोटी झाडे लावण्याचे तिथे ठरले. पर्यावरण सहकार्याच्या करारावर आठही देशांनी सह्या केल्या आणि 2013 मध्ये तो करार अमलात आला. त्यानंतर काठमांडूची 2014 ची शिखर परिषद झाली. 2016 ची इस्लामाबादची उरीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर रद्द झाली आणि तेव्हापासून एकही झाली नाही. करार अमलात आहे, पण तो राबवायला कोणी एकत्र येत नाही.

दहशतवादाबाबत सरकारने काय भूमिका घ्यावी हा या पत्राचा विषय नाही. देवळालीच्या तोफखान्याशेजारी वाढलेल्या आम्हा लोकांना सीमेवरच्या माणसाची किंमत कोणी सांगायला नको. मी एवढेच दाखवते की संबंध बिघडलेले असतानाही काही कामे सुरू राहिली आहेत आणि ती सरकारनेच सुरू ठेवली आहेत.

चक्रीवादळांचेच बघा. उत्तर हिंदी महासागराच्या काठचे 13 देश एका मंडळात आहेत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, ओमान, इराण, मालदीव, सगळे. या सगळ्यांना वादळाचा इशारा दिल्लीतल्या आपल्या हवामान खात्याच्या केंद्रातून जातो. प्रत्येक देशाने 13 नावे दिली, तशी 169 नावांची यादी 2020 मध्ये झाली. सप्टेंबर 2021 मध्ये आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर जे वादळ धडकले त्याचे ‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेले होते. त्याचे अवशेष मराठवाड्यात कोसळले, उभे सोयाबीन पाण्यात गेले. ते तसेच पुढे सरकत अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा वादळ झाले, त्याला कतारने सुचवलेले ‘शाहीन’ हे नाव मिळाले आणि ते ओमानवर जाऊन आदळले. एकाच वाऱ्याने किती देशांचे नुकसान केले ते बघा, आणि त्याचा माग या सगळ्या देशांनी मिळून ठेवला. टोळधाडीचेही तसेच. भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा टोळ आयोग 1964 पासून आहे. 2020 साली टोळांचे थवे थेट विदर्भात उतरले, तेव्हाही या देशांचे तज्ज्ञ एकमेकांना माहिती देत होते.

म्हणजे जमते. वादळाला जमते, टोळांना जमते, मग कीटकनाशकांना, मधमाश्यांना, हवेला का जमू नये?

आणि पाकिस्तान नको असेल तर बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा बिमस्टेक हा गट आहे. बांगलादेश, भूतान, भारत, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, थायलंड असे त्याचे सात सदस्य. त्याची सनद मे 2024 मध्ये अमलात आली. पर्यावरण आणि हवामान बदलाचा विषय भूतानकडे दिला आहे, हवामानाचे केंद्र आपल्या नोएडात आहे. म्हणजे सांगाडा तयार आहे. पण या गटाने पर्यावरणाचा असा एक तरी नियम केला आहे का, जो आमच्या बांधावर जाणवावा? मला तरी तो दिसलेला नाही.

तिसरी तक्रार शेजाऱ्यांच्या अनुभवाकडे केलेल्या दुर्लक्षाची. श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस 1995 मध्ये आणि एंडोसल्फान 1998 मध्ये बंद केले. विषारी औषधे टप्प्याटप्प्याने हटवल्यावर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले आणि शेतीचे उत्पन्न काही कोसळले नाही. आपल्याकडे एंडोसल्फान थांबायला 2011 उजाडले आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. त्याच वर्षी जिनिव्हात जागतिक बंदीची चर्चा झाली, तेव्हा आपले सरकार सवलती मागत होते. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 2020 मध्ये सरकारने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, पण प्रत्यक्षात बंदी आली त्यातल्या मोजक्यांवर. कोलंबोने जे 1995 साली शिकून घेतले ते आपल्याला यवतमाळच्या मृत्यूंनंतरही नीट शिकता येत नसेल, तर शेजारी असून उपयोग काय?

इथे युरोपलाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. आपल्या शेतात बंद केलेली अनेक कीटकनाशके तिथले कारखाने अजून बनवतात आणि आपल्यासारख्या देशांना विकतात. ही निर्यात थांबवू, असे आश्वासन युरोपीय आयोगाने 2020 मध्ये दिले होते. औषध विकायचे आणि त्याच औषधाचा अंश सापडला म्हणून माल परत पाठवायचा, हे न्यायाचे नाही. हे मी निफाडहून सांगून काही होणार नाही. एकट्या भारताने सांगितले तर थोडे होईल. दक्षिण आशियातल्या आणि बंगालच्या उपसागराकाठच्या सगळ्या देशांनी मिळून सांगितले तर ते टाळता येणार नाही.

गरीब देशांच्या गटाला कोण विचारतो, असे कुणी म्हणेल. आफ्रिकेने याचे उत्तर दिले आहे. 1988 मध्ये नायजेरियातल्या कोको या गावात इटलीहून आणून टाकलेला विषारी कचरा सापडला. घातक कचऱ्याच्या व्यापाराबद्दल बाझल करार झाला, पण आफ्रिकी देशांना तो अपुरा वाटला. त्यांनी 1991 मध्ये बामाको इथे स्वतःचा करार केला आणि आफ्रिकेत असा कचरा आणण्यावर बंदीच घातली. लहान बेटांच्या देशांचेही तसेच. हवामान बदलाने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी, ही मागणी त्यांच्या वतीने वानुआतूने 1991 मध्ये पहिल्यांदा मांडली. कुणी मनावर घेतले नाही. ते तीस वर्षे एका आवाजात बोलत राहिले आणि 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाई निधीचा निर्णय झाला. आपला शेजारी मालदीव त्या गटात आहे. आग्नेय आशियाने जंगलांच्या आगीच्या धुराबद्दल 2002 मध्ये करार केला. ज्या इंडोनेशियातून हा धूर प्रामुख्याने येतो, त्याने त्याला मान्यता दिली थेट 2014 मध्ये. तोवर बाकीच्यांनी पाठपुरावा सोडला नाही.

आपण मात्र हवामान परिषदांत ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि चीन यांच्याबरोबर बसतो. 2009 पासूनचा तो गट आहे आणि कार्बनच्या वाटाघाटीत त्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण ब्राझीलवर मोसमी पाऊस पडत नाही. आमचे ढग वाटून घेणारे देश वेगळे आहेत.

चौथी तक्रार याच ढगांची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळे सुमारे निम्म्याने वाढली. आमच्याकडे ते आकड्यांतून कळत नाही. डिसेंबर 2017 चे ओखी, ऑक्टोबर 2019 चे क्यार, जून 2020 चे निसर्ग ही नावे इथल्या माणसांना तोंडपाठ आहेत. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस निफाड, चांदवड भागात गारा पडल्या. 2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत हलला नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागते, ते मिळाले नाही. ऑक्टोबरला छाटणी केली तर फुटी निघाल्या आणि घडच नाहीत. नुकताच उमललेला घड ओल्याने जिरताना आणि डाउनी या बुरशीच्या रोगाने काळा पडताना ज्याने पाहिला आहे, त्याला जागतिक वाटाघाटी दूरच्या वाटत नाहीत. त्यांत आमच्यासारख्या बागायतदाराचे नुकसान एकत्र मोजून, सिंधपासून सिल्हेटपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या नुकसानीबरोबर मांडणारे कोणी नाही.

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांबद्दलही दोन ओळी, कारण माझ्या भाच्याचे तिथे छोटे वर्कशॉप आहे. युरोपने आयात मालावर कार्बन शुल्क लावण्याची व्यवस्था केली. 1 ऑक्टोबर 2023 पासून माहिती देणे बंधनकारक झाले आणि 1 जानेवारी 2026 पासून पैसे मोजायचा टप्पा सुरू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्याबरोबर नट-बोल्टसुद्धा त्यात आहेत. दहा कामगारांच्या वर्कशॉपने आपल्या बोल्टमागे किती कार्बन निघाला याचा हिशोब कुणाकडून करून घ्यायचा?

शेवटची तक्रार थोडक्यात. निर्यातीच्या द्राक्षाची तपासणी होते. नाशिकच्या बाजारात विकले जाणारे द्राक्ष आमची नातवंडे खातात, त्याची तशी होत नाही. मधमाशीला निर्यातीची बाग आणि लोकलची बाग यातला फरक कळत नाही.

आता मागण्या.

1. परदेशातून येणाऱ्या पर्यावरण आणि अंश-मर्यादेच्या प्रत्येक मसुद्याचा मराठीतला गोषवारा मसुदा आल्यापासून पंधरा दिवसांत जाहीर करावा. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या द्राक्ष जिल्ह्यांत त्यावर उत्पादकांची बैठक घ्यावी. भारताने काय म्हणणे मांडले ते सगळ्यांना वाचता यावे असे प्रसिद्ध करावे.

2. बिमस्टेकच्या पर्यावरण मंत्र्यांची बैठक दरवर्षी व्हावी. पहिल्या बैठकीत भारताने मधमाश्या व इतर परागवाहकांचे संरक्षण आणि अतिविषारी कीटकनाशकांची सामाईक बंदी-यादी यांचा प्रस्ताव मांडावा. श्रीलंकेच्या अनुभवाला त्यात पहिले स्थान द्यावे.

3. सार्कचा पर्यावरण करार आणि माले जाहीरनामा यांतले तांत्रिक काम, म्हणजे हवेच्या नोंदी आणि पुराची व पावसाची माहिती, चक्रीवादळ मंडळाच्या धर्तीवर राजकीय शिखर परिषदांपासून वेगळे काढून सुरू करावे. त्यासाठी नेत्यांनी भेटण्याची अट नसावी.

4. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आमच्याच तालुक्यात आहे. तिथे हिमालय ओलांडून पट्टकादंब हे हंस येतात. स्थलांतरित पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावरच्या देशांचे समन्वयाचे काम 2024 मध्ये समरकंदच्या परिषदेत भारताकडे आले. त्या कामात नांदूर मध्यमेश्वरभोवतीच्या गावांना आणि शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व द्यावे आणि पाणथळीभोवतीच्या शिवारात विषमुक्त फवारणीसाठी मदत द्यावी.

5. युरोपीय संघाबरोबरच्या प्रत्येक व्यापारी चर्चेत दोन गोष्टी मागाव्यात. नवीन अंश-मर्यादा हंगामाच्या मध्यावर लागू होऊ नये आणि युरोपात बंदी असलेल्या कीटकनाशकांची भारताला निर्यात थांबावी. शेजारी देशांना बरोबर घेऊन हे मागावे.

6. लहान कारखान्यांचा कार्बन हिशोब करून देणारे सरकारी केंद्र नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत सुरू करावे.

7. देशात विकल्या जाणाऱ्या फळांना निर्यातीइतकीच कडक तपासणी टप्प्याटप्प्याने लागू करावी. त्याचा प्रयोगशाळेचा खर्च पहिली पाच वर्षे सरकारने उचलावा.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे लेखी कळावे. आमची पुढची फळछाटणी ऑक्टोबरमध्ये सुरू होईल. त्याआधी उत्तर मिळाले तर या हंगामाच्या फवारणीचे वेळापत्रक आम्हाला त्याप्रमाणे आखता येईल.

आपली नम्र,
एक द्राक्ष उत्पादक
तालुका निफाड, जिल्हा नाशिक